रुखवतातला मोर

“डोळे फुटलेत का तुझे?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग हात मोडलेत?”

“नाही.”

“मग सुईत दोरा का जात नाही, पमे?”

अर्धा तास मी ओसरीवर बसून एक दोरा एका भोकात घालत होते. दोरा ओला करून करून माझे ओठ लाल झाले होते. समोर आईच्या भरतकामाच्या क्लासच्या आठ मुली माना खाली घालून खुदुखुदु हसत होत्या. त्यातली सगळ्यांत धाकटी, नऊ वर्षांची, उठली. तिनं माझ्या हातून सुई घेतली, दोरा ओवला आणि “घ्या ताई” म्हणून परत दिली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, बी.एस्सी. झाले होते, आणि तीन आठवड्यांवर माझं लग्न आलं होतं.

आमचं घर बार्शीत. अख्ख्या गावात आईला ‘क्लासच्या इंदूबाई’ म्हणत. तिनं भरलेला गुलाब बघून फुलपाखरू येऊन बसेल, असं लोक म्हणायचे आणि तिलाही ते खरं वाटायचं. अशा बाईच्या पोटी मी जन्मले. फ्यूज बांधता येत होता, सायकलची साखळी बसवता येत होती, घरातला बंद पडलेला रेडिओ मी दुरुस्त केला होता, पण सुई हातात घेतली की बोटं अशी फुगायची की जणू दुसऱ्याच कुणाची. आईनं मला सात वर्षं शिकवलं. सात वर्षांत मी एक रुमाल केला. त्यावर बदक होतं. दादा, म्हणजे माझे वडील, तो बघून म्हणाले होते, “कढई छान काढलीय.”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मला बघायला करमाळ्याचे रणदिवे आले तेव्हा आईनं पोह्यांच्या बशा ठेवल्या त्या टेबलावर हंसांचा टेबलक्लॉथ अंथरला. मुलाच्या आईनं त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “कुणी केलंय?”

“प्रमिलानंच की!” आई म्हणाली. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही तिची.

मी पोहे खात राहिले. मुलगा मला आवडला होता. सुधाकर त्यांचं नाव, त्यांनी मला विचारलं होतं, “रेडिओ खरंच तुम्ही दुरुस्त केलात?” आणि मी हो म्हटल्यावर ते मनापासून खूश झाले होते. ते एकच खरं होतं त्या दिवशी.

आता त्या एका थापेपायी सगळं रुखवत उभं करायचं होतं. रुखवत म्हणजे नवरीच्या हातची कला, आणि वरपक्षाच्या बायका ते बघायला टपलेल्या असतात. त्यातून आमची होणारी विहीण! माई रणदिवे म्हणजे रुखवताच्या बाबतीत साक्षात पोलीस, असं आईला तिच्या मावसबहिणीनं, शकूमावशीनं सांगितलं.

“कुठल्याही लग्नात गेल्या की आधी रुखवताच्या टेबलाशी जातात,” शकूमावशी म्हणाली. “नवरीकडे बघत नाहीत, नवऱ्याकडे बघत नाहीत. एकेक वस्तू सरकवून मागे बघतात. मण्यांचं काम दिसलं की उचलून उलटं करतात!”

“उलटं कशाला?”

“गाठी बघत असतील. माढ्याच्या लग्नात एका मुलीचा मण्यांचा ससा उलटा केला, खाली ठेवला आणि ‘हं’ म्हणून निघून गेल्या. ती पोरगी दोन दिवस रडत होती.”

आईचा चेहरा उतरला. तिनं रात्रंदिवस भरून रुखवतात ठेवायला हव्या तेवढ्या वस्तू केल्या असत्या. पण तिचाच मुद्दा होता, “सगळं भरतकाम ठेवलं तर त्यांना माझा हात ओळखू येईल. काहीतरी वेगळं हवं, माझं न वाटणारं.”

ते वेगळं शकूमावशीनंच आणून दिलं. काचेच्या मण्यांचा मोर. हातभर उंच, निळी मान, हिरवा पिसारा, पायाखाली तारेची बैठक. आमच्याकडे असं चालतंच. चांगली वस्तू एका रुखवतातून दुसऱ्यात जाते. प्रत्येक नवरी ती आपली म्हणून मिरवते आणि नंतर गुपचूप परत करते. शकूमावशीला मोर तिच्या नणंदेकडून मिळाला होता, नणंदेला जावेकडून. त्यापलीकडे कुणालाच माहीत नव्हतं.

आईनं मोर हातात घेऊन फिरवला, गाठी बघितल्या आणि पहिल्यांदा हसली. “आता खुशाल उलटा करू देत त्यांना. याच्या गाठीत खोट काढून दाखवा म्हणावं!”

मला मात्र तो मोर बघून कसंतरी झालं. संध्याकाळी दादा गिरणीतून आले तेव्हा मी मागच्या पायरीवर बसले होते. दादा सूतगिरणीत टाइमकीपर होते. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. कामगार वेळेवर आला की निळं, उशिरा आला की लाल.

“काय झालं पमू? तोंड का असं?”

“दादा, त्या टेबलावर माझी एक तरी वस्तू असू दे ना.”

“ठेव की. कढई आहे ना!”

“दादा!”

ते हसले आणि शेजारी बसले. “सुई नको ना त्यात?”

“मुळीच नको.”

“मग आपण काड्यापेट्यांचं कपाट करू,” ते म्हणाले, जणू कित्येक दिवस हा विचार त्यांच्या डोक्यात होता. “मी लहानपणी एकदा केलं होतं. उंदरानं खाल्लं ते सोड.”

दुसऱ्या दिवसापासून आमचा कारखाना सुरू झाला. दादा विडी ओढत नसत, म्हणून रिकाम्या काड्यापेट्या गोळा करायला ते चहाच्या हॉटेलात जाऊन बसू लागले. लोकांना वाटलं, मुलीच्या लग्नाच्या काळजीनं बिचारे हॉटेलात बसतात. रोज संध्याकाळी खिशातून चार-पाच पेट्या निघत. दादा प्रत्येक पेटी पट्टीनं मोजत आणि चिडत, “एकही दुसरीसारखी नाही! हे कारखानेवाले झोपेत कापतात काय?”

बारा पेट्या, चार मजले, एका मजल्यावर तीन खण. मी मैद्याची खळ शिजवली. पहिली करपली, दुसरीच्या गुठळ्या झाल्या, तिसरी आईनं येऊन नीट करून दिली, वर एक धपाटाही दिला. “अहो, तुम्हाला तरी समजायला हवं! काड्यापेट्या कोण ठेवतं रुखवतात?”

“आम्ही ठेवतो,” दादा शांतपणे म्हणाले. त्यांच्या मिशीला खळ लागली होती.

मला ते दिवस फार आवडले. दादा कागद कापत, मी चिकटवत असे. निळा चकचकीत कागद बाहेरून, लाल आतून. खणांना कड्या म्हणून दादांनी ऑफिसातले कागद अडकवायच्या पितळी पिना बसवल्या. आम्ही फारसं बोलत नसू. मध्येच ते म्हणत, “तिकडे गेल्यावर सकाळी लवकर उठशील का गं?” मी म्हणे, “नाही.” ते म्हणत, “बरं.” आणि पुन्हा कात्री चालू. कधी मला रडू यायचं, मग मी खळ ढवळायच्या निमित्तानं आत जात असे.

कपाट तयार झालं तेव्हा ते किंचित डावीकडे झुकत होतं, पण उभं राहत होतं. दादा म्हणाले, “रिकामं कपाट देऊ नये मुलीला.” एका खणात त्यांनी दोन लवंगा घातल्या, एकात सेफ्टीपिना, एकात शर्टाची बटणं, एकात सुपारीचं खांड, असं करत करत बाराही खण भरले. तिसऱ्या खणात काय घातलं ते मला दाखवलं. सुई. तिच्यात पांढरा दोरा ओवलेला, गाठसुद्धा मारलेली.

“एकदा ओवून दिलीय,” म्हणाले. “पुढचं तुझं तू बघ.”

आम्ही दोघं इतके हसलो की आई बाहेर आली. आणि मग दादांनी हौसेनं कपाटाला खळीचा शेवटचा हात फिरवला, तो वाळला, आणि तिसरा खण पक्का चिकटला. ओढला, ठोकला, सुरीचं टोक घालून बघितलं. उघडेना. हलवलं की आत सुई खुळखुळ वाजायची.

“राहू दे,” दादा ओशाळून म्हणाले. “तसंही तुला शिवायचं कुठंय!”

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात रुखवत मांडलं. पुढे साखरेचं मंदिर, दोन्ही बाजूंना आईचे रुमाल आणि उशांचे अभ्रे, मधोमध मोर. आमचं कपाट आईनं पार मागे, एका अभ्र्याच्या आड ठेवलं. सगळ्यांच्या पुढे पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: ‘सर्व वस्तू वधूने स्वहस्ते केल्या आहेत.’

बारा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त होता. दहाच्या सुमाराला वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. मी पिवळ्या साडीत नवरीच्या खोलीत कोंडलेली. माझी आतेबहीण कुंदा दारातून वाकून बातम्या देत होती.

“माई आल्या. चष्मा लावला. मंदिराच्या मागे बघतायत. आता अभ्रा उचलला… तुझं कपाट दिसलं, पण हात नाही लावला… आता मोराकडे वळल्या. उचलला! उलटा केला गं!”

“आई कुठाय?”

“शेजारीच. पदर पिळतेय.”

मग कुंदा आणखी पुढे वाकली.

“अगं, बोल की!”

“खाली ठेवत नाहीयेत. हातात धरूनच उभ्या आहेत. पमे… त्यांनी तुला बोलावलंय.”

मी बाहेर आले. तीस-चाळीस बायका गोल करून उभ्या, मधे माई. बुटक्या, सावळ्या, नाकात मोठी नथ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दोन्ही हातांत मोर. दादा मागे पाण्याचा जग घेऊन जात होते, ते तिथंच थबकले.

“हा मोर तू केलास?” माईंनी विचारलं.

“होय, तिनंच केलाय की,” आई घाईनं म्हणाली, “दोन महिने बसत होती बिचारी…”

“विहीणबाई, मी हिला विचारते.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “सांग पोरी. तू केलास ना? मग याचा एक डोळा लाल आणि एक पांढरा का?”

मी मोराकडे बघितलं. खरंच होता. इतके दिवस घरात राहिला आणि आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काहीतरी ठोकून द्यावं, असं आधी वाटलं. पांढरा मणी शोभून दिसतो म्हणून, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. हो म्हटलं तर लग्न सुरळीत लागणार होतं. नाही म्हटलं तर चाळीस बायकांसमोर माझ्या आईची नाचक्की, आणि पुढं काय ते देवच जाणे. मी आईकडे बघितलं. ती खाली फरशीकडे बघत होती. इतकी लहान मी तिला कधीच बघितली नव्हती.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “मी नाही केला तो. यातलं काहीच मी नाही केलं. तो हंसांचा टेबलक्लॉथपण नाही. मला सुईत दोरा ओवता येत नाही. आई माझ्यासाठी खोटं बोलली. तिला बोल लावू नका, मला लावा.”

“अगं बाई!” कुणीतरी म्हणालं. आईनं तोंडाला पदर लावला.

माई माझ्याकडे बघतच राहिल्या. “मग तू काय केलंस?”

मी अभ्रा बाजूला केला आणि कपाट पुढे आणलं. डावीकडे झुकलेलं, एका कोपऱ्यातला कागद सुटलेलं. “हे. दादांनी आणि मी मिळून. काड्यापेट्यांचं आहे. तिसरा खण उघडत नाही.”

माईंनी मोर काखेत धरला आणि एका हातानं कपाट उचलून हलवलं. खुळखुळ.

“काय आहे आत?”

“सुई,” मी म्हणाले. “ओवलेली. दादांनी ओवून ठेवलीय. मला येत नाही ना, म्हणून.”

आधी माईंची नथ हलली. मग खांदे हलले. मग त्या अशा हसल्या की चष्मा घसरून नाकावर आला, आणि मला कळेना की या हसतायत की रडतायत, कारण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या, मोर मांडीवर घेतला आणि पदरानं डोळे पुसले.

“पांढरा डोळा का, मी सांगते,” त्या म्हणाल्या. “लाल मणी दोनच होते. एक लावला आणि दुसरा कोंबडीनं गिळला. आठवडी बाजाराला सहा दिवस होते आणि लग्नाला चार. तात्या म्हणाले, ‘राहू दे, एका डोळ्यानं बघंल.’”

“कोण तात्या?” मी विचारलं.

“माझे वडील. हा मोर माझ्या रुखवतातला आहे. तीस वर्षं झाली. चुलतबहिणीच्या लग्नात चार दिवसांसाठी दिला, तिनं आणखी कुणाला दिला, आणि गेला तो गेलाच.” त्यांनी मोर उलटा केला आणि पायाखालची तार बोटानं दाखवली. “ही तात्यांच्या छत्रीची तार. तीस वर्षं मी प्रत्येक रुखवत धुंडाळतेय. लोक म्हणतात, खोड्या काढणारी बाई. म्हणेनात का!”

आई हळूच म्हणाली, “म्हणजे हा तुम्ही केलेला…”

“कुठली मी!” माई म्हणाल्या. “तेच तर सांगतेय. माझ्या आईला दिसायचं कमी, आणि मला शिकवणार कोण? सासरी रुखवत विचारतील म्हणून तात्या दार लावून मणी ओवायला बसले. करमाळ्याच्या तालमीतले पैलवान होते ते. एवढाली बोटं! मी मणी वेचून द्यायची, ते ओवायचे. मोर झाल्यावर मला म्हणाले, ‘बाये, तू केलास म्हणून सांग. तालमीत कळलं तर पोरं मला जगू द्यायची नाहीत.’ मी सांगितलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि तात्या मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत उभे होते. गेले बिचारे, तरी मी कुणाला खरं सांगितलं नाही.”

आई पदर नीट करत म्हणाली, “विहीणबाई, माझं चुकलं. मी खोटं बोलले.”

“दोनदाच ना?” माई म्हणाल्या. “मी तीस वर्षं बोलतेय. आणि तुम्ही खोटं बोलला नसता तर हा मोर माझ्या हाती आला असता का? या, बसा इथं जवळ.” आई बसली, आणि माईंनी तिचा हात हातात घेतला.

मग माईंनी मान वर करून विचारलं, “या पोरीचे वडील कुठायत?”

बायकांनी वाट करून दिली. दादा पाण्याचा जग धरून उभे होते, कानापर्यंत लाल झालेले.

“तुमच्या खिशात पेन दिसतंय. द्या इकडे.”

दादांनी दोन्ही पेनं पुढे केली. माईंनी लाल पेन घेतलं आणि आईच्या सोनेरी अक्षरांवर एक सरळ रेघ ओढली. पुठ्ठा उलटा केला आणि निळं पेन माझ्या हातात दिलं. “मी सांगते तसं लिही. शिकलेली आहेस ना? मोठ्या अक्षरात.”

मी लिहिलं: ‘भरतकाम – वधूची आई इंदूबाई. मोर – तात्याबा पैलवान, वधूच्या सासूचे वडील. कपाट – वधू आणि तिचे वडील.’

माईंनी वाचलं. मोर दोन इंच बाजूला सरकवला आणि त्याच्या शेजारी, टेबलाच्या अगदी मधोमध, आमचं वाकडं कपाट ठेवलं.

“अजून एक ओळ राहिली,” त्या म्हणाल्या. “तिसरा खण उघडत नाही, तेही लिही. नाहीतर कुणीतरी ओढून मोडेल.”

सगळ्या बायका हसल्या. पुरुषांकडूनही कुणीतरी ओरडलं, “अहो, मुलीच्या बापानं रुखवत केलंय, बघायला या!” आणि मुहूर्ताला पंधरा मिनिटं उरली तरी आमच्या टेबलाभोवतीची गर्दी हटेना. दादा प्रत्येकाला पेट्यांची मापं सांगत होते. भटजींनी दोनदा हाका मारल्या तेव्हा कुठं त्यांना आठवलं की आज कन्यादान करायचंय.

मोर आता आमच्या करमाळ्याच्या घरी काचेच्या कपाटात आहे. माई होत्या तोपर्यंत मोर मागायला कुणी आलं की त्या म्हणत, “मोर नाही मिळायचा. पण तुझ्या बापाला पाठव माझ्याकडे, तात्या कसे ओवायचे ते दाखवते त्याला.” आणि दोघं-तिघं खरंच आले होते, घाबरत घाबरत.

मोराशेजारी काड्यापेट्यांचं कपाट आहे. गेल्या वर्षी माझा मुलगा म्हणाला, “आई, तो खण जरा वाफेवर धरला तर सुटेल बघ.” मला ते केव्हाच माहीत होतं, बी.एस्सी. झालेय मी. दादांना जाऊन अकरा वर्षं झाली. अजून मला सुईत दोरा ओवता येत नाही, शेजारची मुलगी येऊन ओवून देते. पण एक सुई ओवलेली आहे घरात. अधूनमधून कपाट उचलते आणि कानाशी धरून हलवते.